उभ्या गाडीचा भाव

काकांनी गाडीवरचे आवरण मागून पुढे, घडीवर घडी घालत गुंडाळत आणले, खिशातून किल्ली काढून दार उघडले, आणि कोथरूडमधल्या त्या अरुंद पार्किंगमध्ये आजीच्या ट्रंकेतल्या शालूचा वास पसरला. डांबराच्या गोळ्यांचा तो वास होता. उंदरांनी आत शिरू नये म्हणून त्या चारही आसनांच्या पायथ्याशी आणि डिकीत ठेवलेल्या होत्या, आणि दर दोन महिन्यांनी बदलल्या जात होत्या. गाडी २०१२ सालच्या दसऱ्याला घेतलेली चंदेरी वॅगन आर होती. मीटरवर आकडा होता २३,११८.

"बघा," काका म्हणाले, "अकरा वर्षांत फक्त तेवीस हजार. अशी गाडी तुम्हाला अख्ख्या पुण्यात सापडायची नाही."

ते खरेच होते, आणि माझी सगळी अडचण तीच होती.

गोष्ट २०२३ च्या दिवाळीनंतरची आहे. आई वाईला एकटी राहते. दर पंधरवड्याला मी स्वारगेटहून एसटीने जात असे, तोवर माझे भागत होते. पण तिला तपासणीसाठी पुण्याला आणायची वेळ येऊ लागली, तेव्हा एसटीच्या त्या उंच पायऱ्या हा आमच्या घरातला रोजचा विषय झाला. वॅगन आरची बैठक उंच आहे, गुडघे दुखणाऱ्या माणसाला खाली वाकून बसावे लागत नाही, एवढे एकच कारण मनाशी धरून मी जुन्या गाड्या पाहू लागले होते. हाताशी दोन लाख रुपये होते. मैत्रिणीने तिच्या सोसायटीतल्या काकांच्या या गाडीबद्दल सांगितले, तेव्हा "एक हाती, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, कधी ओरखडासुद्धा नाही" अशी तिची ओळख करून दिली होती. गाडीची की गृहस्थांची, हे तिने स्पष्ट केले नव्हते.

गाडी उभी कशी राहिली, ते काकांच्या वहीत लिहिलेले होते. लांबट, लाल पाठीची, हिशेबाची वही. पेट्रोल कधी भरले, किती लिटर, मीटरचा आकडा किती, आधीच्या भरण्यापासून सरासरी किती पडली, हे सर्व निळ्या शाईत, आणि सर्व्हिसिंगच्या नोंदी लाल शाईत. शेवटची निळी नोंद होती १९ मार्च २०२०, टाकी फुल्ल. पाडव्याला कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला जायचे म्हणून भरलेली. पाडवा त्या वर्षी २५ मार्चला होता, आणि त्याच दिवसापासून देश बंद झाला. पुढे रस्ते उघडले तेव्हा काकांच्या डाव्या डोळ्यातला काचबिंदू पुढे गेलेला होता, डॉक्टरांनी गाडी चालवू नका म्हणून सांगितले होते, आणि काकू कधीच चालवायला शिकल्या नव्हत्या. मुलगी बंगळुरूला. गाडीच्या पुढच्या काचेवर फास्टॅग नव्हता. फास्टॅग सक्तीचा झाला तो फेब्रुवारी २०२१ मध्ये, आणि ही गाडी त्याच्या वर्षभर आधीच टोलनाक्यांच्या जगातून बाहेर पडली होती.

किमतीचा विषय काकांनी स्वतःच काढला, आणि त्यासाठी कागदही तयार ठेवला होता. रस्त्यावर आली तेव्हा गाडी ४,६२,००० रुपयांना पडली होती. गाडीचे आयुष्य साधारण दीड लाख किलोमीटर धरा, त्यांतले तेवीस हजार वापरले, म्हणजे पंधरा टक्क्यांहून थोडे जास्त. उरलेले पंच्याऐंशी टक्क्यांना थोडे कमी शिल्लक, म्हणजे ३,९१,००० रुपये. "पण तुम्ही ओळखीतल्या आहात, आणि मॉडेल जुने झाले आहे, हे मलाही कळते," असे म्हणून त्यांनी स्वतःच ६६,००० कमी केले होते. मागणी ३,२५,००० ची होती. हिशेबात चूक काढायला जागा नव्हती, कारण ज्या पट्टीने मोजायचे ठरवले होते त्या पट्टीने तो अगदी बरोबर होता.

माझ्याजवळही एक पट्टी होती, फक्त ती मी बाहेर काढली नव्हती. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर आरटीओत पुन्हा तपासणी, पाच हजार रुपयांचे नूतनीकरण शुल्क, वर पर्यावरण कर, आणि मग पुढची पाच वर्षे. पंधरांपैकी अकरा वर्षे सरली होती, चार उरली होती. ४,६२,००० चे चार-पंधरांश केले की १,२३,००० होतात. त्यांची मोजणी अंतराने होती आणि माझी काळाने, आणि दोन उत्तरांमध्ये पावणेतीन लाखांहून थोडे कमी अंतर होते. धावणाऱ्या गाडीत या दोन पट्ट्या एकमेकींच्या जवळपास राहतात, म्हणून त्यांचे भांडण कोणाच्या लक्षात येत नाही. उभ्या गाडीत त्या फाकतात. मी त्या दिवशी एक लाख साठ हजार म्हटले. काकांनी चष्मा काढून पुसला आणि काकूंना चहा टाकायला सांगितले. हा नकार असतो हे मला पुढच्या भेटीत समजले.

अर्थशास्त्रात जुन्या गाड्यांचा बाजार प्रसिद्ध आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये त्यावर लिहिले आणि २००१ मध्ये त्यांना नोबेल मिळाले ते मुख्यतः त्याच कामाच्या बळावर: विकणाऱ्याला गाडीतले दोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात, म्हणून घेणारा प्रत्येकच गाडीचा भाव पाडून मागतो आणि चांगली गाडी असणारा बाजारातून निघून जातो. काकांच्या पार्किंगमध्ये हे सगळे उलटे होते. विकणाऱ्याला दोष ठाऊक नव्हते. त्यांच्या दृष्टीने ती गाडी दसऱ्याच्या दिवशी आणली तशीच होती, किंबहुना त्याहून स्वच्छ. दोष मला ठाऊक होणार होते, कारण मी मिस्त्रींना घेऊन येणार होते.

मिस्त्रींना आणण्याचे मला सुचले ते आजोबांमुळे. मी आठ-नऊ वर्षांची असताना एकदा हट्ट करून त्यांच्याबरोबर पुसेगावला, सेवागिरी महाराजांच्या यात्रेतल्या खिलार जनावरांच्या बाजाराला गेले होते. आजोबा बैलाच्या तोंडात हात घालून दात बघत: आदत, दोन दाती, चार दाती, जुळलेला. वय विकणाऱ्याला विचारायचेच नाही, ते दाताला विचारायचे. भाव ठरे तो उपरण्याखाली, दोघांचे हात झाकलेले, बोटे धरून, एक शब्द न बोलता, आणि भोवती उभी असलेली माणसे चेहऱ्यांवरून अंदाज बांधत. तिथे एक पांढराशुभ्र, तुकतुकीत बैल मला फार आवडला होता. आजोबांनी त्याच्या खांद्यावर हात फिरवला आणि पुढे निघाले. खांदा मऊ होता, जुवाचा घट्टाच नव्हता. गोठ्यात उभा राहून पोसलेला बैल आहे, नांगराला धरला की दुपारपर्यंत फेस काढील, असे ते वाटेत म्हणाले. बैल धष्टपुष्ट दिसतो आहे आणि तो कधी फार राबलेला नाही, या दोन गोष्टी मला तेव्हा त्याच्या बाजूच्या वाटल्या होत्या.

मिस्त्री आले ते रविवारी सकाळी, हातात बॅटरी तपासायचे यंत्र, विजेरी आणि अंगावर निळा डगला. त्यांनी आधी गाडीला प्रदक्षिणा घातली. नंतर टायरपाशी उकिडवे बसून बाजूच्या रबरावर अंगठा दाबला, तेव्हा तिथे बारीक भेगांची जाळी उघडली, उन्हाळ्यात तळ्याच्या तळाशी चिखल फाटतो तशी. नक्षी मात्र जवळजवळ पूर्ण होती. बॅटरीवर ९.८ व्होल्ट आले. भरलेली बॅटरी साडेबाराच्या वर दाखवते. शिशाची बॅटरी वापरली नाही तरी आतल्या आत उतरत राहते, आणि उतरलेल्या अवस्थेत बराच काळ राहिली की तिच्या पट्ट्यांवर गंधकाच्या क्षाराचा थर बसतो, तो पुन्हा चार्ज करून निघत नाही. पेट्रोलच्या टाकीचे झाकण उघडून त्यांनी वास घेतला आणि मलाही घ्यायला लावला. पेट्रोलचा झणका गेला होता, वार्निशासारखा आंबूस वास उरला होता. पेट्रोलातले हलके घटक उडून जातात, उरते त्याचा डिंक होतो. शिवाय हल्लीच्या पेट्रोलात इथेनॉल असते आणि ते हवेतला ओलावा ओढून घेते, त्यात या टाकीने तीन पावसाळे पाहिलेले, चौथा नुकताच सरलेला. ब्रेक ऑइलही तसेच पाणी पिणारे, म्हणून गाडी चालो न चालो, दर दोन वर्षांनी ते बदलावे लागते. हँडब्रेक काकांनी सुरक्षिततेसाठी पूर्ण ओढून ठेवला होता, त्यामुळे मागची दोन्ही चाके ड्रमला चिकटली होती. एअर फिल्टरची पेटी उघडली तर आत उंदराचे घरटे सापडले, कापसाचे आणि सुतळीचे, आणि त्यात डांबराची एक अर्धी गोळी. गोळ्यांचा उंदरांवर काही परिणाम होतो की नाही, या प्रश्नाचे उत्तर तिथल्या तिथे मिळाले.

इंजिनाबद्दल मिस्त्री खूश होते. या इंजिनाला टायमिंगचा पट्टा नसून साखळी असते, त्यामुळे वयाने पट्टा तुटण्याची भीती नव्हती. मग त्यांनी ऑइल भरायचे झाकण फिरवून काढले आणि उलटे करून माझ्यापुढे धरले. आतल्या बाजूला पांढुरकी, घट्ट साय होती, दुधावरची म्हणावी तशी.

"ही दर आठवड्याला सुरू करून बंद करत होते का कोणी?" त्यांनी हळूच विचारले.

करत होते. वहीतली ती पाने मी पाहिली होती. १९ मार्च २०२० च्या नोंदीखाली तारखांचे रकाने सुरू होत होते, फक्त रविवार, आणि प्रत्येक तारखेपुढे बरोबरची खूण. सकाळी दहा वाजता, पाच मिनिटे, गाडी सुरू करून काका आत बसत, काकू बाल्कनीतून बघत. अशा दीडशेहून जास्त खुणा होत्या. मध्ये एक बॅटरी बसली तेव्हा त्यांनी नवी आणली, आणि गेल्या पावसाळ्यात तीही बसल्यावर रकाना थांबला होता. पुसायची फडकी वेगळी, काचेची वेगळी. आणि मिस्त्रींनी मला गाडीच्या मागे नेऊन समजावले ते असे: पेट्रोल जळले की त्यातून पाण्याची वाफ निघते. गाडी वीस-तीस मिनिटे रस्त्यावर पळाली तर इंजिन आणि सायलेन्सर पुरेसे तापतात आणि ते पाणी उडून जाते. पाच मिनिटांत काहीच तापत नाही. वाफेचे पाणी होऊन ते ऑइलमध्ये उतरते आणि सायलेन्सरच्या पोटात साचते. आठवडाभर उभे राहण्यात आणि स्टार्टर फिरवण्यात मिळून जेवढी वीज जाते तेवढी पाच मिनिटांच्या उभ्या चालण्यात बॅटरीला परत मिळत नाही. त्यांनी सायलेन्सरवर स्क्रू ड्रायव्हरची मूठ आपटली. पोकळ, खरखरीत आवाज आला, आणि गंजाचा चुरा खाली पडला.

"ताई, नुसती उभी ठेवली असती तर यापेक्षा बरी राहिली असती," ते म्हणाले, आणि काका पाच पावलांवर, घडी केलेले आवरण हातात धरून उभे होते.

मिस्त्रींची यादी ४९,००० रुपयांची झाली. घासाघीस करायला इतका भक्कम आधार मला आयुष्यात पुन्हा मिळणार नाही. घरी येऊन मी ती यादी स्वच्छ कागदावर उतरवली, आणि उतरवताना सायलेन्सरचे ४,००० रुपये गाळले. तसे का केले, याचे उत्तर मी तेव्हा "तेवढ्यासाठी कशाला" असे स्वतःला दिले होते. खरे कारण एवढेच होते की प्रत्येक बाबीसमोर काका "हे कशामुळे?" असे विचारणार, हे मला माहीत होते.

आणि त्यांनी तसेच विचारले. तिसरी बैठक जेवणाच्या टेबलावर झाली. यादीतल्या पहिल्याच मोठ्या रकमेवर, टायरच्या पंधरा हजारांवर, त्यांनी बोट ठेवले. "टायर तर नवे आहेत. नक्षी बघितलीत तुम्ही." मी त्यांना खाली घेऊन गेले. टायरच्या बाजूला शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. त्यांनी खिशातून भिंग काढले, तरी ते दिसेना, तेव्हा मलाच वाचायला सांगितले. ३११२. काका काही क्षण गप्प राहिले, ओठांत पुटपुटत आठवडे मोजत असावेत. "२०१२ च्या ऑगस्टचा पहिला आठवडा," ते म्हणाले. वर आल्यावर त्यांनी स्वतःच्या पेनाने त्या रकमेपुढे बरोबरची खूण केली, वहीतल्या रविवारांपुढे होती तशीच.

विम्याच्या वेळी मात्र मला वाईट वाटले. गाडी जागची हलत नसतानाही त्यांनी दर वर्षी वेळेवर विमा भरला होता. पीयूसी तेवढी २०२० मध्येच संपली होती, कारण तिच्यासाठी गाडी केंद्रावर न्यावी लागते. एकदाही दावा केला नसल्यामुळे त्यांना हप्त्यातल्या, गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागावर पन्नास टक्क्यांची सूट मिळत होती. ती सूट गाडीबरोबर मला मिळेल आणि तिचेही काही मोल धरले पाहिजे, असा त्यांचा मुद्दा होता. मला सांगावे लागले की ती सूट गाडीची नसते, माणसाची असते. गाडी विकली तरी ती त्यांच्याकडेच राहते, कंपनीकडून तसे पत्र घेता येते, आणि तीन वर्षांच्या आत दुसरी गाडी घेतली तर तिला लागू होते.

"दुसरी गाडी," काका म्हणाले, आणि काकूंकडे बघून हसले. पत्र त्यांनी नंतर घेतले, हे मला ठाऊक आहे. बँकेतल्या माणसाने हक्काचे काही सोडू नये, असे ते म्हणाले.

मधल्या काळात एका जुन्या गाड्यांच्या दलालाने त्यांना, गाडी न बघता, फोनवरच एक लाख दहा हजार सांगितले होते, आणि "उद्या सकाळी उचलतो" म्हटले होते. आकड्यापेक्षा "उचलतो" हा शब्द त्यांना जास्त लागला होता. त्याचा फायदा मला झाला, हे मी मान्य करते. शेवटी आम्ही दोघांनीही आपापल्या पट्ट्या खाली ठेवल्या. याच वर्षाची, साठ-सत्तर हजार किलोमीटर पळालेली, पण चालती गाडी पुण्यात तेव्हा सव्वादोन लाखांच्या आसपास सांगितली जात होती. कमी धावण्याबद्दल त्यावर दहा हजार चढवायचे, हे मी कबूल केले. त्यातून यादीचे ४५,००० वजा करायचे, हे त्यांनी कबूल केले. एक लाख नव्वद हजार. काकू आतून म्हणाल्या, "शून्यावर नको, एक्क्याण्णव करा," आणि सौदा ठरला.

त्याआधी एक प्रश्न मात्र येऊन गेला होता. यादी संपल्यावर, ऑइल आणि बॅटरी या दोन ओळींवर पेन तसेच ठेवून, काकांनी विचारले, "म्हणजे मी दर रविवारी सुरू करत होतो, ते..."

त्यांनी वाक्य पुरे केले नाही. मी म्हटले, "त्यामुळेच इंजिन जाम झाले नाही, काका. मिस्त्री म्हणाले, इंजिन अगदी मोकळे आहे." यातले दुसरे वाक्य पूर्ण खरे होते. पहिले अर्धे खरे होते, कारण इंजिन वर्षानुवर्षे अजिबात फिरलेच नाही तर पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला धरून बसू शकतात. उरलेले अर्धे सायलेन्सरच्या पोटात होते, आणि त्याचे चार हजार मी आधीच सोडले होते.

कागदपत्रांच्या बाबतीत काकांपुढे माझे काही चालले नाही. नमुना २९ आणि नमुना ३० त्यांनी स्वतः भरून ठेवले होते. पैसे थेट बँक खात्यातच, धनादेशाने नाही. विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचे असते, ते त्यांनी तिसऱ्या दिवशी कळवले. पावतीवर ताबा दिल्याची तारीख तर होतीच, शिवाय वेळ होती, सकाळी ११ वाजून २० मिनिटे. नोंदीत ज्याचे नाव तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, आणि नाव बदलेपर्यंत अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलेले आहे, हे त्यांनी मला दोनदा ऐकवले. मला त्यात अविश्वास दिसला नाही. डोळा अधू झालेला माणूस आपल्या नावाची गाडी दुसऱ्याच्या हाती रस्त्यावर सोडत होता.

गाडी बाहेर काढायला दीड तास लागला. मिस्त्रींनी मागच्या चाकांच्या ड्रमवर चहूबाजूंनी हातोडीने हलके ठोके दिले, पोरांनी मागून रेटा दिला, आणि चाके "कट्" असा आवाज करून सुटली. खाली फरशीवर टायरांचे चार काळे ठसे राहिले. टोचन करून गॅरेजपर्यंत न्यायची म्हणून दोर बांधत असताना काकांनी वही आणून माझ्या हातात दिली. रविवारच्या रकान्याखाली पट्टी ठेवून त्यांनी लाल शाईत दोन रेघा मारल्या होत्या, खाते बंद करताना मारतात तशा, आणि खाली सही. मागची साठ-सत्तर पाने कोरी होती.

डिसेंबरच्या मध्यावर गाडी तयार झाली. सायलेन्सर कापून काढला तेव्हा त्यातून तपकिरी पाणी ओघळले, ते मिस्त्रींनी मला मुद्दाम दाखवले. डांबराचा वास काही केल्या जाईना. आईला मात्र तो आवडला. गाडीत बसल्यावर ती म्हणाली, घरातल्यासारखे वाटते.

वाईहून परतले त्या रविवारी संध्याकाळी काकूंचा फोन आला. "हे विचारताहेत, आज गाडी सुरू केली होती का?" मी सांगितले, वाईला जाऊन आले, जवळजवळ १८० किलोमीटर झाले, खंबाटकीच्या घाटातही काही कुरकुर नाही. पलीकडे फोन हातातून हातात गेल्याचा आवाज आला.

"ॲव्हरेज किती पडले?" काकांनी विचारले.

मी म्हटले, अजून काढले नाही, टाकी पूर्ण भरलेली नव्हती. त्यावर त्यांनी मला टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल ही पद्धत पहिल्यापासून समजावून सांगितली: पंप शक्यतो एकच ठेवायचा, पहाटे भरायचे, नळी आपोआप बंद झाली की थांबायचे, वरून आणखी ओतू द्यायचे नाही. मला ती लहानपणापासून येत होती. मी वही उघडली, लाल रेघांच्या पुढचे पान काढले, आणि ते सांगत होते तसे लिहून घेतले.